तीर्थ म्हणजे पाणी नव्हे

लेकीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि घरी आल्यावर जखम पुन्हा वाहायला लागली. एवढीशी माझी पोर! औषधं बदलून झाली, तरी पू थांबेना. तपासायला दिला की रिपोर्टात एकच: काही उगवलं नाही. अरे, उगवलं नाही तर मग वाहतंय काय, माझं डोकं? सर्जन म्हणाले, असंच राहिलं तर जखम पुन्हा उघडावी लागेल.

लॅबमधल्या डॉक्टरीणबाई आमच्याच भागातल्या, दापोऱ्याच्या, केळीवाल्यांच्या घरच्या. दिसायला कडक. त्यांनी मला आणि सासूबाईंना समोर बसवलं. "जखमेला पाणी लागलं का?"

"छ्या! एक थेंब नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. मीही मान डोलावली. अंघोळीऐवजी आम्ही पोरीचं अंग नुसतं पुसत होतो.

दुसरं कुणी तेवढ्यावर मोकळं झालं असतं. बाई सासूबाईंकडे वळल्या. "आणि आजी, तीर्थ?"

"ते तर रोज लावते की! तापीमाईचं. ते काय पाणी आहे होय?"

अगं बाई! एका घरात राहून मला पत्ता नाही. बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, पाण्यात राहणारे काही जंतू सावकाश वाढतात. ते दिसायच्या आधीच, जंतू उगवायला ठेवलेली तपासणीची बशी फेकली जाते. त्यांनी पू नव्यानं घेतला, बशी कुणाला फेकू दिली नाही, रोज स्वतः बघत राहिल्या. एक दिवस फोन आला, "उगवलं!" जंतू सापडला म्हणून मी स्वयंपाकघरात नाचले, बोला! टीबीच्या नात्यातला, पण टीबी नव्हे. त्याची औषधं वेगळी, महिनोन्‌महिने घ्यायची. पण जखम उघडावी लागली नाही. मानलं बुवा त्या बाईंना!

सासूबाईंनी मात्र धास्तीच घेतली. नातीला जवळ घेईनात, तिची वेणीसुद्धा घालेनात.

जखम पुरती भरल्यावर आम्ही बाईंना दाखवायला गेलो, तर सासूबाई दारातच थबकल्या. बाई उठल्या, त्यांना हाताला धरून आत आणलं आणि तोच हात पोरीच्या पोटावर, व्रणावर ठेवला.

"आजी, तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं. लावा हात."

सासूबाईंनी व्रणावरून अलगद बोटं फिरवली. पोर खिदळली, "आजी, गुदगुल्या होतायत ना!"