बार्जवरचे तीन ठोके

आधीच सांगतो, मी वेल्डिंगमधला माणूस. जे एक्स-रेत दिसत नाही ते नाहीच, असं मानून पोट भरलं. आमच्या निमगाव सावात ज्या वडाखाली बसायला लोक बिचकायचे, तिथंच मी मुद्दाम डबा खायचो. तेव्हा हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून.

गावी नदीपासून वरच्या रानापर्यंत आमची लोखंडी पाइपलाइन. मी खाली मोटारीपाशी, वडील, म्हणजे आबा, वर. हाक पोचायची नाही, म्हणून आबा दगडानं पाइप ठोकायचे. एक ठोका – मोटार चालू कर. तीन – थांब. तीन झाले की तोच दगड पाइपवर खर्रकन ओढायचे, ही त्यांची खास खोड. कॉलेजात असताना एकदा नारायणगावला जायच्या घाईत मी तीन ठोके ऐकूनही बटण दाबलं. वर जॉईंट उघडा होता, आबांचा हात त्यात; पाण्याच्या दाबानं पाइप उसळला. आबांची दोन बोटं गेली. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

पुढे दोन हजार सालानंतर खोल समुद्रात गॅसची लाइन टाकायच्या कामावर होतो. तीन लायनी जिथं एकत्र येतात, त्या प्लॅटफॉर्मपर्यंत ती न्यायची होती. बार्जवर, म्हणजे पाइप टाकणाऱ्या सपाट जहाजावर, पाइपला पाइप वेल्ड करायचा, एक्स-रे काढायचा, मी सही केली की बार्ज पुढं आणि जॉईंट पाण्यात.

एके दिवशी भर दुपारी एक जॉईंट एक्स-रेत पास झाला. सवयीनं पाइपवर तळहात ठेवला... ठक. ठक. ठक. आणि मग – खर्रर्र.

पाइप कोरडा, दुसरं टोक समुद्राच्या तळाशी. मशिनचा हादरा मला कळतो राव, त्यातच आयुष्य गेलंय. मी पेन खिशात ठेवलं.

सुपरवायझर तापला. "फिल्म क्लीन है, साइन करो. काम रुका तो कल घर जाओगे."

"भेज दो," मी म्हटलं. "मैं साइन नहीं करूँगा."

दोन तास हुज्जत चालली. नोकरी गेली असं धरूनच मी उभा होतो. शेवटी मला खोटं पाडायला त्यानं एक्स-रेची दुसरी फिल्म काढली. केसाएवढा तडा.

आता शहाणे सांगतील, वेल्ड गार झाल्यावर कधीकधी उशिरा तडा जातो. मला शिकवू नका, मी तेच काम करतो. ठोक्यांचं बोला.

संध्याकाळी बार्जवरच्या फोनवरून घरी विचारलं, "आबा, दुपारी लाइन ठोकली का?"

"न्हाई बा. मी ओतूरला व्हतो, कांदा घिऊन. का रं?"

सगळं सांगितलं.

"थांबलास न्हवं?"

"थांबलो."

"मंग झालं. आता ती बोटं डोक्यातनं काढ."

मला रडू आलं, लपवत नाही.

भूतबीत मी आजही मानत नाही. गावी गेलो की त्याच वडाखाली बसतो. ठोके कोणी मारले, ठाऊक नाही... तुमच्याकडे उत्तर असेल तर जरूर द्या. फक्त आबांचं नाव घेऊ नका, ते ओतूरला कांदा विकत होते.