बाटलीतलं कडू पाणी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलायला लागले की लोक हसतात, म्हणून गप्प बसायची सवयच लागली — असं सगळ्यांना वाटतं. वाटू दिलं मी. पण त्या शनिवारी मी गप्प बसले नव्हते. बोलले होते. तेच तर सांगायचं आहे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी परतूरला डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात काम करत होते. काका म्हणजे वडिलांचे मित्र. मुंबईचे एक मोठे डॉक्टर तिथे येऊन आसपासच्या डॉक्टरांना शिकवायचे — अफूची सवय लागलेल्या माणसाला कोंडायचं नाही, बांधायचं नाही; आपल्याच दवाखान्यात अफूचाच अर्क औषध म्हणून रोज मोजून द्यायचा आणि तो हळूहळू उतरवत न्यायचा. एकदम तोडलं की माणूस तडफडतो. ते इंग्रजीत बोलत, मी इंग्रजीतच टिपणं टाइप करी. औषध मोजून देणंही माझ्याकडेच होतं.

आमचा पहिला पेशंट वाटूरचा ज्ञानोबा. मेंढ्यांमागे हिंडून गुडघे गेले, दुखण्यावर अफू घेतली, ती सुटेना. त्याचा मुलगा केरबा त्याला रोज एसटीने आणायचा. सहा आठवडे किती छान गेले! हातांची थरथर थांबली होती, जेवण जात होतं.

बुधवारी औषधाची बाटली माझ्या हातून कलंडली. जवळजवळ सगळा अर्क मोरीत गेला. नवी बाटली सोमवारी येणार होती, आणि शनिवारी मुंबईचे डॉक्टर सात डॉक्टरांना घेऊन आमचं काम पाहायला येणार होते. काका माझी किती स्तुती करायचे — मी काय केलं असेल? काडेचिराईत उकळलं, त्यात गूळ घातला. रंग जमला. कडूपणाही जमला.

गुरुवारी तेच दिलं. शुक्रवारीही तेच.

शनिवारी केरबाने त्याला ओढतच आणलं. नाक वाहत होतं, धोतर घाण झालेलं, पोट आवळून तो दारातच ओकला. "साहेब, बाटलीत दवाई न्हाई. बिलकुल न्हाई. नुस्तं कडू पाणी हाये."

काका पाहुण्यांकडे वळून हसले. "बघा, आता पेशंटच डॉक्टरला शिकवून राह्यला!" खुर्च्यांवरचे सगळे हसले.

मग ज्ञानोबाने माझ्याकडे पाहिलं. "ताई, बाटली तुम्हीच भरता ना? तुम्ही सांगा की यान्ला."

एक वाक्य पुरलं असतं. मराठीची अडचण होती का? नव्हती — तिथल्या प्रत्येक डॉक्टरला इंग्रजी येत होतं. मी म्हणाले, "औषध बराबर आहे."

"चार माणसांत लाज काढतो का रं, म्हाताऱ्या?" केरबाने पायताण काढलं. तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. ज्ञानोबा "न्हाई रं, न्हाई रं" म्हणत टेबलाखाली शिरायला लागला, तर केरबाने पाय धरून त्याला बाहेर खेचलं, आणि कोपऱ्यातला दाराचा अडसर उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज — फांदी मोडते तसा. दुसरा डोळ्यावर. दोन दात माझ्या चपलेपाशी येऊन पडले. काका आणि दोन डॉक्टर केरबाला लोंबकळेपर्यंत हे चाललं. मी औषधाच्या कपाटाला पाठ लावून उभी होते. त्या मारातही मला भीती कशाची वाटत होती? कुणी बाटली उघडून चाखेल याची.

कुणी चाखली नाही. रविवारी मी ती रिकामी करून धुतली.

ज्ञानोबाचा उजवा डोळा गेला. तो दवाखान्यात परत आला नाही. पुन्हा अफूवरच गेला, असं केरबाच्याच तोंडून कळलं. काका म्हणाले, "काही माणसं सुधरतच न्हाईत." मी मान डोलावली.

पुढच्या महिन्यात मुंबईच्या डॉक्टरांनी टिपणांत एक कलम वाढवलं. औषध फिकं आहे, बदललं आहे, असं पेशंट सांगेल. ती सवयीची भाषा असते, विश्वास ठेवू नये. खाली उदाहरण म्हणून ज्ञानोबाची हकीकत होती. मी ती स्वच्छ टाइप केली, कार्बन लावून प्रती काढल्या आणि शिकायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या हातात माझ्या हाताने दिल्या. ते अजून त्याच टिपणांवरून औषध देतात.