मागची खुर्ची

भास्कररावांच्या जाण्याने मराठवाड्याच्या विमानविद्येतलं एक पर्व संपलं. हे वाक्य माझं नाही. शोकसभेत एका वक्त्याने ते उच्चारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हे पर्व जेमतेम दोन-तीन मिनिटं चाललं होतं आणि तेही पाण्यावर, हे सांगायची ती जागा नव्हती...

भास्करराव माझे साडू. माझी बायको सुमन थोरली, त्यांची कुसुम धाकटी. महिन्यापूर्वी फोन सुमनने घेतला आणि खाली ठेवला. मग म्हणाली, “भास्करराव गेले.” माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की वयाने मी मोठा, रांगेत नंबर माझा होता, आणि हा माणूस इथंही पुढे गेला. साडू हे नातंच तसं आहे. मान एकाच घरातून दोघांना मिळायचा आणि तो जास्त कुणाला मिळाला हे बघायला सगळं घर बसलेलं.

आमची सासुरवाडी चारठाण्याजवळची. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं उसाचं गुऱ्हाळ होतं. मी परभणीत कॉलेजात इतिहास शिकवायचो. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना अण्णा म्हणत, “हे आमचे थोरले जावई. लय वाचतात.” यापुढे माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही उरत नसे. भास्करराव हवाईदलात फिटर होते, तिथून सुटून परभणीतच एका तंत्रशाळेत शिकवायला लागले होते. त्यांचा विषय निघाला की अण्णांचा चहा कपात गार व्हायचा. अण्णांनी एकदा तरी माझ्याकडे तसं बघावं, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मोठी होती असं मला आजही वाटत नाही.

त्या तंत्रशाळेला सैन्याकडून एक बाद झालेलं विमान मिळालं. पूर्वी त्यावर नवे वैमानिक शिकत. पुढे एक खुर्ची, मागे एक, नाकावर पंखा. मुलांनी ते खोलावं, जोडावं, एवढ्यासाठी दिलेलं, आणि कागदावर लिहिलेलं, की हे उडवायचं नाही. भास्कररावांनी तो कागद माझ्यापेक्षा बारकाईने वाचला. “साडूभाऊ, उडवायची मनाई हाय. पोहवायची कुठं हाय?”

बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिला धोंड्याचा महिना आला. या अधिक महिन्यात जावयाला नारायण मानून जेवू घालतात, वाण देतात. अण्णांकडे आम्ही दोन नारायण गेलो. मला तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन मिळालं. भास्करराव हात जोडून म्हणाले, “अण्णा, मला चांदी नको. गुळाच्या दोन काहिली द्या.” रस आटवायच्या त्या कढया एवढ्या मोठ्या, की पूर आला की आमच्याकडे माणसं त्यांत बसून नदी पार करतात. विमानाची चाकं काढायची, एकेका पायाखाली एकेक काहिल, वरून पत्र्याचं झाकण, शेपटीखाली डांबराचं रिकामं पिंप, असा त्यांचा बेत होता. अण्णा काहिली दाखवायला पाटावरून उठलेच. माझं निरांजन कुणीतरी उचलून कोनाड्यात ठेवलं. जाताना भास्करराव माझ्या कानाशी म्हणाले, “मागची खुर्ची तुमची बरं का. मान थोरल्याचा.”

मी ते खरं धरलं. पाण्यावरच्या विमानांबद्दल मिळेल ते वाचलं. कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. भास्कररावांना मदत म्हणून पत्र्यांच्या सांध्यांना डांबरही फासलं, आणि सुमनने माझा एक सदरा कायमचा वेगळा काढला.

दिवाळीनंतर, येलदरीचं धरण भरलेलं असताना, विमान ट्रकवर पंख सोडवून नेलं आणि काठावर पुन्हा जोडलं. आसपासच्या गावांतून माणसं आली होती. भास्कररावांनी डोळ्यांवर हवाईदलातला चष्मा चढवला होता. मला तो जरा जास्त वाटला, लोकांना अगदी योग्य वाटला. मी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो, तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला.

“जावईबापू, थांबा जरा. तुमी वाचलेली माणसं, तुमाला ह्याचं काय नवल? मला बसू द्या.”

मी भास्कररावांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. अण्णांनी आपला रुमाल, काठी आणि चपला माझ्या हातात दिल्या आणि दोन भोई लोकांच्या खांद्यांवरून मागच्या खुर्चीत उतरले. थोरला जावई म्हणून माझा मान तो एवढा...

पंखा फिरला, विमान निघालं आणि जागच्या जागी गोल फिरायला लागलं. काहिल गोल असते, तिला पुढचं-मागचं नसतं, हे गुऱ्हाळवाल्याला आणि फिटरला, दोघांनाही सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं असं म्हणायचा मोह होतो, पण नव्हतं. शेवटी शेपटीच्या पिंपाला एक उभी फळी बांधली. दुसऱ्या वेळी ते सरळ सुटलं. काठावरच्या बाया ओरडल्या, तुषारांचा एवढा मोठा ढग उठला की विमान त्यात नाहीसं झालं, आणि बाहेर आलं तेव्हा ते बुडालेल्या बाभळीच्या खोडाला अडून तिरपं उभं होतं. भोयांनी दोराने ओढून आणलं.

अण्णा चिंब भिजून उतरले आणि काठी घ्यायचीसुद्धा विसरले. “काय सांगू जावईबापू, नुसतं आभाळ! पाणी न्हाई, धरण न्हाई, काईच दिसंना. लय वर गेलो होतो आमी!”

झालं. विमान उडालं. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ते उडालं. मी प्रत्येक वेळी सांगितलं, की ते ढगातून बाहेर आलं तेव्हा पाण्यावरच होतं. लोक भास्कररावांकडे वळत. ते हसून म्हणत, “साडूभाऊ म्हणतात तेच खरं. न्हाई उडलं.” मग सगळे म्हणत, काय हा नम्रपणा! आणि विमान आणखी हातभर वर जायचं. खरं बोलून हरलेला माणूस मी पाहिला आहे. तो मीच. तेच खरं बोलून जिंकलेले फक्त भास्करराव. घरी सुमन म्हणायची, “अहो, तुम्हाला बघवत नाही हो त्यांचं.” हे खरंच होतं, पण त्यामुळे विमान उडालं असं सिद्ध होत नव्हतं.

पुढे विमान भंगारात गेलं. काहिली ठोकून सरळ केल्या आणि त्यांत पुन्हा गूळ शिजला. मागची खुर्ची मात्र भास्कररावांनी घरी आणली आणि लाकडी चौकटीत, विमानात होती तशीच मागे रेललेली, ओसरीवर बसवली. मी गेलो की ते म्हणत, “बसा साडूभाऊ, तुमचीच हाय.” मी दर वेळी बाजेवर बसलो. अण्णा गेले, मी निवृत्त झालो, भास्करराव निवृत्त झाले. मी बाजेवरच बसलो.

तेराव्याला ओसरी माणसांनी भरलेली. बाजसुद्धा. कुसुम म्हणाली, “दाजी, किती वेळ उभे राहता? बसा की तिथं.”

मी बसलो आणि खालीच गेलो. सैन्यातले वैमानिक पॅराशूटची घडी अंगाखाली घेऊन बसत, म्हणून त्या खुर्चीच्या बैठकीला हातभर खोल खड्डा ठेवलेला आहे. भास्कररावांकडे पॅराशूट नव्हतं. गुडघे हनुवटीशी आणि तोंड वर, असा मी त्या खड्ड्यात पडून होतो. अण्णा माझ्याहून वीतभर बुटके. त्यांच्या दोन्ही बाजूंना विमानाच्या भिंती आणि समोर भास्कररावांची पाठ. तिथं बसून त्यांना पाणी दिसणार नव्हतं, धरण दिसणार नव्हतं. विमान काठाला बांधून ठेवलं असतं तरी त्यांना नुसतं आभाळच दिसलं असतं.

इतक्या वर्षांनी पुरावा हाती आला होता. हे आता सांगायचं कुणाला... आणि भास्करराव असते तर पुन्हा म्हणालेच असते, साडूभाऊ म्हणतात तेच खरं.

मला उठवायला दोन माणसं लागली. त्या खुर्चीतून अण्णांनी आभाळ बघितलं होतं. मला ओसरीचे पत्रे दिसले. त्यातला डावीकडचा एक गळतो.