विचारल्यावर होणारा कागद

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नाथाजीरावांच्या फाउंड्रीत गेलात, तर दिवसातून दहादा एक प्रश्न ऐकू यायचा. "बिराप्पा कुठाय रं?" उत्तरही ठरलेलं होतं. "गेला मेंढरांत." म्हणजे बिराप्पा जागेवरच असायचा. खुर्चीत बसलेला, समोर संगणक चालू, बोटं कीबोर्डवर. मन तेवढं जतच्या माळावर कुठल्यातरी कळपामागं निघालेलं. अशा वेळी हाका मारून उपयोग नसे. खांद्याला धरून हलवावं लागे. मग तो डोळे बारीक करून बघायचा, आत्ताच उन्हातून आत आल्यासारखा, आणि ओशाळून विचारायचा, "काय म्हणत होता?"

धनगराचं पोर. बाप धुळा, आई सुलाबाई, दोघांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. हा कवठे महांकाळच्या वसतिगृहात राहून बारावी झाला, सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि फाउंड्रीच्या ऑफिसात चिकटला. पँट-शर्ट घालायला लागला, लुना घेतली, पण मान अजून वर करूनच चालायचा. ढग बघायची सवय काही सुटली नव्हती. कुपवाडात ढग बघून करायचंय काय, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

नाथाजीरावांना दरवर्षी एक नवं खूळ लागायचं. अठ्ठ्याण्णव सालचं खूळ इंटरनेटचं होतं. फाउंड्रीत व्हॉल्व्हचे ओतीव भाग व्हायचे. भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाला तिथं हीट म्हणत, आणि प्रत्येक हीटमध्ये कार्बन किती, सिलिकॉन किती याचा दाखला गिऱ्हाइकाला द्यावा लागे. हे दाखले स्वप्ना दिवसभर टाइप करायची. मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमधून येणारी ही मुलगी बोलायला फटकळ होती आणि तिच्या हातात वीज होती. तरी पुण्याची गिऱ्हाइकं रोज फोनवर ओरडायची, दाखला कुठाय, दाखला कुठाय.

"आपण ओरडायचं कारणच ठेवायचं नाही," नाथाजीराव म्हणाले. "पुण्याच्या माणसानं फोनच्या लाइनवरून आपल्या कॉम्प्युटरात यावं, हीटचा नंबर द्यावा, की दाखला त्याच्यापुढं हजर. बिराप्पा, जमव."

बिराप्पानं मान हलवली. मालकापुढं नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यानं जुन्या संगणकात लिनक्स घातलं आणि त्यात अपाची नावाचा वेब सर्व्हर बसवला. साधी पानं तो सर्व्हर लगेच दाखवू लागला. पान आधी लिहून ठेवायचं, कुणी मागितलं की सर्व्हर ते उचलून द्यायचा. फडताळातून भाकरी काढून द्यावी तसं. पण दाखले असे रचून ठेवता येत नव्हते. रोज नव्या हीट निघायच्या. त्यासाठी एक स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांचा कागद. गिऱ्हाइकानं नंबर दिला की सर्व्हरनं ती स्क्रिप्ट चालवायची, स्क्रिप्टनं त्या हीटचे आकडे शोधायचे, आणि दाखला तिथल्या तिथं तयार करून पुढं ठेवायचा. मागण्याआधी तो दाखला कुठंच नसायचा. बघून झालं की पुन्हा कुठंच नाही.

हे पुस्तकात वाचलं त्या दुपारी बिराप्पा जो मेंढरांत गेला तो चहा थंड होईपर्यंत परत आला नाही. त्याला बिरोबाच्या देवळापुढची रात दिसत होती. घोंगड्यांवर गोल बसलेले गडी, मधे ढोल, आणि ओवी म्हणणारा त्याचा बाप. कुणीतरी म्हणायचं, "धुळा, आमच्या वाड्याचं सांग की." की त्या वाड्याची, म्हणजे धनगरांच्या त्या तांड्याची, त्या माणसाच्या आज्याची, त्याच्या काळ्या मेंढ्याची ओवी धुळाच्या तोंडून निघायची. ती कुठं लिहिलेली नव्हती. मागणाऱ्याच्या नावानं व्हायची आणि सकाळी पाखरं बोलायला लागली की विरून जायची. लहानपणी बिराप्पाला वाटे, ओव्या माळावरच्या वाऱ्यातच असतात, आबा नुसता तोंड उघडून त्यांना वाट देतो.

दसऱ्याला तो गावी गेला तेव्हा धुळानं विषय काढला. गुडघ्यांना तेल चोळत होता.

"बिरू, औंदा माझं पाय चालायचं न्हाईत. दिवाळी झाली की मेंढरं नदीकडं घालायची, पलूसच्या अंगाला. संगं कोन हाय?"

"आबा, माझी नोकरी हाय की."

"कसली नोकरी? काय करतोस तिथं? सुतार खाट दावतो, कुंभार गाडगं दावतो. तू काय दावतोस?"

बिराप्पानं सर्व्हर सांगायचा प्रयत्न केला. धुळानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्या दिवाळीच्या आत येतो. तुजं काम डोळ्यांनी दिसलं, तर पुन्यांदा चल म्हननार न्हाई. न्हाई दिसलं, तर आपलं ठरलं. काठी तुज्या हातात."

सुलाबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली. बिराप्पा मात्र व्हय म्हणून बसला. खरं सांगायचं तर त्याचं त्यालाच धड कळत नव्हतं की त्याला काय हवंय. नदीकाठच्या उसाच्या रानात मेंढरं बसवून चांदण्यात पडायचं, हे स्वप्न त्याला कामावर रोज पडत होतं. पण गावात पडलं की स्वप्नात तो सर्व्हर यायचा, आणि मेंढरं एकेक करून त्याच्यापुढं उभी राहून आपापलं नाव मागायची.

कुपवाडात परत आल्यावर त्यानं जीव ओतला. पहिल्यांदा काय झालं, तर हीटचा नंबर दिल्यावर सर्व्हरनं स्क्रिप्ट चालवलीच नाही, तिचाच मजकूर जसाच्या तसा पडद्यावर आणून ठेवला. स्वप्ना हसून लोटपोट झाली. "ओवी म्हणा म्हटलं, तर गवयानं गळाच काढून हातात दिला!" मग बिराप्पानं सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत लिहिलं, की या एका फोल्डरमधले कागद द्यायचे नाहीत, चालवायचे. तरी दार उघडेना. स्क्रिप्टला चालायची परवानगीच दिली नव्हती. ती दिली. आता सर्व्हर स्क्रिप्टपर्यंत पोचायचा, तिला चालवायचा, आणि पडद्यावर यायचं: सर्व्हरमध्ये चूक झाली आहे. चुकांच्या नोंदीत एवढंच दिसायचं, की मथळा बिघडलेला आहे.

कसला मथळा? स्क्रिप्टनं पहिल्या ओळीत सांगायचं असतं की पुढं काय येतंय, चित्र की मजकूर. ती ओळ होती. पुढचा दाखलाही होता. बिराप्पा ती स्क्रिप्ट इतक्यांदा वाचून बसला की डोळे मिटले तरी पापणीमागं तिच्याच ओळी चालायच्या. दिवाळी जवळ येत होती. नाथाजीरावांनी धीर दिला, स्वप्नानं चकल्या दिल्या, पण चूक जागची हलेना.

आणि अशात एका दुपारी गेटवरचा माणूस सांगत आला, "बिराप्पा, तुमचं वडील आल्यात."

धुळा दारात उभा होता. डोक्याला तांबडं पागोटं, हातात काठी, खांद्यावर नवी काळी घोंगडी, अजून लोकरीचा वास असलेली. नाथाजीरावांनी खुर्ची पुढं केली. धुळा हात जोडून खालीच बसला. संगणकाच्या खोलीत मालकानं एसी लावला होता. त्या गारव्यानं म्हातारा जरा दचकला आणि त्यानं घोंगडी सारखी केली.

"ही तुला," तो म्हणाला. "मेंढरांच्या तळावर पांघरायला. मुद्दाम इनून घेतली."

म्हणजे बाप न्यायलाच आला होता. स्वप्नाला सगळं ठाऊक होतं. ती टाइप करायची थांबली.

"दाव तुजं काम," धुळा म्हणाला.

बिराप्पानं नंबर घातला. पडद्यावर चूक आली. पुन्हा घातला. पुन्हा चूक. मग तो बोलायला लागला, भडाभडा, कसाबसा. "आबा, आदुगर ह्यो सांगतो मजकूर येनार हाय मग दाखला येतो नाव येतं नंबर येतो हीट येती कार्बन येतो..."

"आरं, दम घे की!" धुळा खेकसला. "ल्हानपनापास्नं तुजी हीच खोड. सुंबरान संपतंय न संपतंय तवर कथंला हात घालायचास. देवळापुढं समदी हसायची तुला."

हे खरं होतं. ओवीच्या आधी सुंबरान मांडायचं, म्हणजे देवांची नावं घेऊन त्यांची आठवण करायची. मग गाणाऱ्यानं थांबायचं. ढोल एकटा एक फेर वाजतो, कुणी बोलत नाही. त्यानंतर कथा. पोरवयात बिराप्पाला गायला बसवलं, की तो देवांच्या नावांतूनच सरळ कथेत घुसायचा, आणि मागच्या गड्यांना कळायचं नाही की देव कुठं संपले आणि गोष्ट कुठं सुरू झाली. मग ते मागून झीलच धरायचे नाहीत. सगळं तिथंच मोडायचं.

बिराप्पा बापाकडं बघत राहिला. मग हळूच पडद्याकडं वळला. मथळ्याची ओळ, आणि तिला लागूनच दाखला. मधे काहीच नाही. पुस्तकात त्या ठिकाणी नवी ओळ दोनदा सुरू केलेली होती. छापणाऱ्याची चूक समजून त्यानं एक काढून टाकली होती. तशी ती काढावी, असं वाटणारा माणूस जगात बहुतेक हा एकटाच असेल.

त्यानं मथळ्याखाली एक रिकामी ओळ सोडली. नंबर घातला.

दाखला आला. वर फाउंड्रीचं नाव, खाली हीट, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, आणि आत्ताची वेळ. स्वप्नानं टाळी वाजवली. पलीकडून नाथाजीराव चष्मा सावरत धावत आले आणि, "अरे वा, अरे वा!" करत पुण्याला फोन लावायला तसेच परत पळाले.

धुळा वाकून बघत होता. "ह्यो कागद मगाशी कुठं व्हता?"

"कुठंच न्हवता, आबा. इचारल्यावर झाला."

"पुन्यांदा इचार."

बिराप्पानं विचारलं. तोच दाखला, पण वेळ पुढची. धुळा पडद्याजवळ सरकला.

"मागनाऱ्याचं नाव येतं का ह्यात?"

बिराप्पानं स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, नंबराबरोबर बापाचं नावगाव घातलं आणि विचारलं. दाखल्याच्या तळाला अक्षरं उमटली. धुळाला वाचता येत नव्हतं, म्हणून स्वप्नानं मोठ्यानं वाचलं: "मागणार, धुळा. मुक्काम जत तालुका."

म्हाताऱ्यानं पडद्याच्या काचेवर, जिथं नाव होतं तिथं, बोट टेकवलं. "ओवीच हाय की रं," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यामागं आपल्यात कोन ऱ्हाईलंच न्हाई."

"आबा, तुमीच सोडवलंसा," बिराप्पा म्हणाला. "तुमी दम घे म्हनला न्हसता तर झालंच न्हसतं."

धुळा काठीवर भार देत उठला. "मला काय म्हाईत? म्या तर तुला न्यायला आलोवतो." आणि हसला, त्या हसण्यात लबाडी अजिबात नव्हती, म्हणून ते बघवेना.

दिलेला शब्द मोडणाऱ्यातला तो नव्हता. पुन्हा चल म्हणाला नाही. चहा घेतला, स्वप्नाला "सुखी ऱ्हा पोरी" म्हणाला, आणि दाराशी खांद्यावरची घोंगडी काढून खुर्चीवर ठेवली.

"आबा, ती तळावर लागंल की तुमास्नी."

"ऱ्हाऊ दे. ह्या खोलीत लय गार हाय."

गेटपाशी जाऊन तो थांबला. बिराप्पाला वाटलं, आता काहीतरी बोलेल. एक ढोलाचा फेर होईल एवढा वेळ तो तसाच पाठमोरा उभा होता. मग काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनी, स्कूटर आणि टेम्पोंच्या गर्दीतून एसटीच्या थांब्याकडं निघून गेला. नदीकडची वाट त्या वर्षी त्याला एकट्यानंच चालायची होती.

संध्याकाळी भट्टी उघडली तसा खिडकीच्या काचांवर तांबडा उजेड आला. पुण्याच्या लोकांनी फोनच्या लाइनवरून पहिला दाखला मागून घेतला होता आणि नाथाजीराव पेढे आणायला गेले होते. बिराप्पा घोंगडी पांघरून संगणकापुढं बसला होता. पुन्हापुन्हा नंबर आणि बापाचं नाव घालत होता. विचारलं की तळाला धुळाचं नाव येत होतं, नव्या वेळेसकट.

स्वप्ना निघताना दारातून डोकावली. सवयीनं "गेला मेंढरांत" म्हणायला तिनं तोंड उघडलं. त्याचे खांदे हलत होते ते तिला दिसलं. तिनं एसी बंद केला आणि दार हळूच ओढून घेतलं.