आपाचा सौदा

माझ्या लेकीला मी दाराची कडी लावायला शिकवली आणि उघडायला शिकवायची राहिली. माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण एका वाक्यात मावणारी ही एकच. आता हे सांगितलं की घरातले हसतात, मीही हसते. त्या दुपारी मात्र मला हसू येण्यासारखं काही नव्हतं. त्या दुपारी डोकं ठिकाणावर असलेली एकच बाई गच्चीवर होती, आणि मला लिहायचं आहे ते तिच्याविषयी.

तिला सगळी गल्ली आपा म्हणायची. राजापेठेत आम्ही गच्चीवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, आपा खालच्या मजल्यावर. तिचे मियाँ संत्र्याच्या बागा घ्यायचे. झाडावरचा माल नजरेनं जोखायचा आणि मालकाशी सौदा करायचा, हा त्यांचा धंदा. आपानं तो धंदा घरात आणला होता. लहान पोराला ती कधी ‘हे कर’, ‘ते करू नको’ म्हणत नसे. त्याच्यासमोर मांडी घालून बसायची, पदर सारखा करायची आणि व्यापाऱ्याशी बोलावं तशी बोलायची. माझी पिंकी वरण-भात तोंडात धरून बसली की आपा म्हणायची, “काय शेठ, आज बाजार बंद हाय का? एक घास तुमचा, एक माहा. पटते का बोला.” शेठ दोन वर्षांच्याही नव्हत्या. पण गंभीरपणे मान हलवायच्या आणि गिळायच्या.

मी तेव्हा बी.एड. करत होते. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला उत्तम मार्क मिळाले होते, आणि घरातलं बालक मला रोज नापास करत होतं. नवरा सकाळी अकोल्याला नोकरीवर जायचा, दिवे लागल्यावर यायचा. मधला सगळा दिवस मी आणि ती. ती झोपली की ती झोपली आहे ना हे बघायला मी तिला जागं करायची. ती पडली की तिच्या आधी माझा आवाज गल्लीत पोचायचा. आपा एकदा जिन्यातून म्हणाली, “अवं, तुही पोरगी पडली का पहिले तुह्या तोंडाकडे पाह्यते. मंग ठरवते, रडाचं का नाई.” मला राग आला. दुसऱ्या दिवशी पिंकी उंबऱ्यावर आपटली तेव्हा मी मुद्दाम तोंड दगडासारखं ठेवलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि उठून खेळायला गेली. हे मी आपाला सांगितलं नाही. तेवढा ताठा होता.

आपाची आणखी एक खोड होती. पोरगं जितकं मोठ्यानं रडेल तितकी ती हळू बोलायची. भोकाड पसरलेल्या पोराच्या कानाशी ती काहीतरी पुटपुटायची आणि ते काय आहे हे ऐकायला पोराला गप्प व्हावंच लागायचं. मोठ्या माणसांनाही तिचा तोच इलाज होता. मी तणतणत खाली गेले की तिचं बोलणं इतकं बारीक व्हायचं की मला तिच्याजवळ जाऊन बसावं लागे. बसलं की निम्मा राग तिथंच उतरायचा.

आता ती दुपार. संध्याकाळच्या बसनं अकोल्याहून सासूबाई यायच्या होत्या. मागच्या खेपेला त्या म्हणून गेल्या होत्या, “तुले झेपून नाई राहिलं. पोरगी अकोल्याले ठेव, तुही परीक्षा होऊ दे.” त्यांच्या मनात माया होती, हे आज कळतं. तेव्हा मला ती धमकी वाटली. त्यामुळे मी कंबर कसली. घर झाडून लख्ख केलं. पिंकीला नमस्कार, नाक कुठे, कान कुठे, सगळं पाठ करून घेतलं. आणि वर कळस म्हणून दाराची खालची, तिच्या हाताला येणारी कडी लावायला शिकवली. लावली की मी टाळ्या वाजवायची. सासूबाई थक्क होतील असा माझा अंदाज होता.

शिवाय गच्चीवर सरगुंडे घातले होते. कणकेच्या बारीक वळ्या काड्यांना गुंडाळायच्या, वाळल्या की काडी ओढून काढायची, नळीसारखे सरगुंडे तयार. वैशाखातलं ऊन, हाताला कणीक, शेजारी आपा. खोलीत कूलर लावून पिंकीला झोपवलं होतं आणि आतल्या स्वयंपाकघरात मंद गॅसवर दूध ठेवलं होतं. दार नुसतं लोटलेलं.

कडीचा आवाज मी ओळखला. पाठोपाठ आतून टाळ्या ऐकू आल्या. “मम्मी, कली.”

आधी मला कौतुक वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते. मग दूध आठवलं.

मी दारावर धावले. “पिंकी, उघड. उघड म्हणते ना.” दार सागवानी, जुन्या काळचं. मी दोन्ही हातांनी ठोकू लागले. आत टाळ्या थांबल्या, रडणं सुरू झालं, आणि ते रडणं दूर जाऊ लागलं. आत, आणखी आत, स्वयंपाकघराकडे.

आपानं माझं मनगट धरलं. कणकेचा हात, पण पकड लोखंडाची. “ठोकू नोको. तू ठोकून राहिली तशी थे मांगं चालली.”

मी थांबले. रडण्याचाही पाय थांबला असावा. दुधाचा करपट वास फटीतून येत होता.

स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवर, हात पोचणं शक्य नाही. बाहेरच्या खोलीची खिडकी गच्चीवर, पण तिच्यात कूलर बसवलेला. त्याच्या तोंडासाठी घरमालकानं खिडकीचे गज कापून दिले होते. कूलर मागे ओढला तर माणूस शिरेल एवढी जागा होती. आपानं ते माझ्या आधी पाहिलं. “जिन्यातलं मेन बंद कर. मंग कूलरचं पानी सोड अन् ओढ मांगं. मी शेठले धरून ठेवतो इथं.”

मी मेन पाडून वर आले तेव्हा आपा दाराशी चक्क आडवी झाली होती. गाल फरशीवर, तोंड दाराखालच्या फटीला. फरशी त्या उन्हात तव्यासारखी होती. ती इतकं हळू बोलत होती की मला शब्दच कळेनात. हातात सरगुंड्याची एक मोकळी काडी. ती तिनं फटीतून आत सरकवली.

“पिंकीशेठ, माल आला. पाहून घ्या. पसंत नसन तं वापस करा.”

काही नाही. आत हुंदका. मी कूलरचं बूच ओढलं, पाणी गच्चीभर पसरलं, माझे सरगुंडे त्यात तरंगायला लागले. मी कूलर मागे ओढू लागले, तो हलेना.

मग फटीतून काडी बाहेर आली. थोडीशी, टोकापुरती.

“वापस? काहून? बारीक हाय म्हनता? बरं, हे पाहा.” दुसरी काडी आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज. तो दाराजवळून आला.

सौदा चालू झाला. काडी आत, काडी बाहेर. मी ओढत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि त्या दोघींचा व्यापार ऐकू येत होता. मध्येच आपाचा आवाज तुटला. तिनं श्वास ओढला, आणि मला कळलं की करपल्याचा वास गेला आहे आणि त्या जागी दुसरा वास येतो आहे. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. आपा तोंडानं ते बोलली नाही. माझ्याकडे फक्त पाहिलं आणि त्याच बारीक आवाजात म्हणाली, “पहिले गॅस, मंग पोरगी. तिले हात लावजो नोको.”

कूलर सरकला. मी खिडकीत डोकं घातलं आणि कमरेशी अडकले. बाळंतपणातले डिंकाचे लाडू मी आवडीनं खाल्ले होते, त्यांचा हिशेब त्या चौकटीनं घेतला. साडी कुठंतरी फाटली. मी आत पडले. दाराशी पिंकी पालथी आडवी झाली होती, गाल फरशीला लावून, हुबेहूब आपासारखी. तिनं मान वळवली आणि दोन्ही हात वर केले.

तिला ओलांडून स्वयंपाकघराकडे जाणं, यासारखं अवघड काम मी त्यानंतरही कधी केलेलं नाही. ती मागून ओरडायला लागली. मी गॅसचं बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली, श्वास कोंडूनच परत आले, पोरगी काखेत मारली आणि कडी उघडली.

बाहेर आल्यावर मी काय केलं असेल? तिला मारायला हात उचलला. आपानं पिंकीला माझ्या काखेतून अलगद काढून घेतलं, जणू माल उतरवून घ्यावा, आणि म्हणाली, “शेठ थकले आज.”

त्या पिंकीला आता स्वतःची लेक आहे. ती पुण्यात असते, आणि बाळाच्या खोलीत कॅमेरा लावून ऑफिसातून मोबाइलवर बघत बसते. परवा रात्री फोनवर रडली, म्हणाली, “आई, मला नाही जमत हे.” मी तिला आपाची गोष्ट सांगितली. आपाला तिनं मोठेपणी पाहिलेलं नाही. आम्ही अकोल्याला राहायला गेलो आणि आपा आमच्या माघारी वारली. मला बऱ्याच दिवसांनी कळलं. राजापेठेत त्या घराच्या जागी आता क्लासेस आहेत, खाली पोरांच्या गाड्यांची गर्दी. मी एकदा तिथं उभी राहून आले.

त्या संध्याकाळी मात्र आपा जिन्याच्या पायरीवर बसली होती, पिंकी तिच्या मांडीवर झोपलेली. आपाच्या एका गालावर फरशीचा चटका लाल दिसत होता. सासूबाईंची बस यायची वेळ झाली होती. मी ओल्या सरगुंड्यांचा लगदा भरत होते आणि रडत होते. “आपा, सासूबाई बरोबर म्हणतात,” मी म्हणाले. “पोरगी त्यांच्याकडेच देते. तुमचं डोकं केवढं शांत राहिलं. मी आई असून नुसती बोंबलत होते.”

आपानं पिंकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिचा आवाज इतका हळू झाला की मला लगदा सोडून तिच्याजवळ बसावं लागलं.

“अवं, दुसऱ्याचं लेकरू होतं म्हनून डोकं जाग्यावर राह्यलं. माह्या सलीमनं असंच कोंडून घेतलं होतं, तवा मी बी तुह्यासारखीच बोंबलत होती. माह्या दारापाशी दुसरी बाई लेटली होती.”