पाणी न पिण्याची युक्ती

हल्ली माणसाला फार ताण असतो, असं कुणी म्हटलं की माझी मामी नाकातल्या नाकात हसायची. "आम्हाला कामच इतकं होतं, की ताण घ्यायला सवड नव्हती," हे तिचं ठरलेलं उत्तर. मामा लगेच री ओढायचे, "आमच्या वेळी हा रोगच निघाला नव्हता."

मामीची उभी हयात औषधाच्या कारखान्यात गेली. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून यायच्या. एकेक बाटली उजेडापुढे धरायची, आत केस, काडी, माशी काही नाही ना ते बघायचं आणि पुढे सोडायची. पलीकडच्या स्टुलावरची बाई ढाकणं लावायची. तिला सगळ्या ढाकणवालीच म्हणत. तो गोड, चिकट वास अंगात इतका मुरलेला असे, की घरी आल्यावर मामीच्या चपलांना मुंग्या लागत.

कारखान्यात बायकांसाठी मागच्या बाजूला एकच संडास होता. त्याला कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या कमरेला. बायका त्याला कोंबडा म्हणायच्या, कारण तो बोलण्याऐवजी आरवायचा. किल्ली मागायला गेलं की सगळ्या हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "पुन्हा? घरून विहीर पिऊन येतेस काय गं?" हमाल फिदीफिदी हसायचे. मान खाली घालून, हात पुढे करून उभं राहायचं, आणि त्याला वाटेल तेव्हा किल्ली मिळायची.

बायकांनी यावर तोड काढली. पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी नुसते ओठ ओले करायचे, बाकी सगळं घरी गेल्यावर. मामी यात पटाईत होती. "माझ्यासाठी ती किल्ली कधी हलली नाही," हे ती अशा थाटात सांगायची, की दुसऱ्या बायका मुलांच्या पदव्याही तशा सांगत नसतील.

एकदा ढाकणवालीला आवरलं नाही. स्टुलाखाली ओलं झालं. कोंबड्यानं पट्टा थांबवला, तिच्या हातात फडकं दिलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्याकडून पुसून घेतलं. ही हकीकत मामांकडे विनोद म्हणून सांगितली जायची. मामा उठून कोंबड्याची नक्कल करायचे, पाहुणे पोट धरून हसायचे, आणि मामीही हसायची.

मग घरात सून आली. सूनबाईंचं काम फोनवरचं. लोकांची बिघडलेली यंत्रं, त्यांच्या तक्रारी, त्यांच्या शिव्या, सगळं कानात घ्यायचं आणि हसऱ्या आवाजात उत्तरं द्यायची. कचेरी चकाचक. मामी एकदा बघून आली आणि नळ, आरसे, लिंबाचा वास असं सगळं सांगत सुटली. "अगं, त्या संडासात पंगत बसवली तरी चालेल."

पण तिथं जायचं कसं? कानावरचा हेडफोन काढून ठेवला, की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आपल्या नावाचा चौकोन लाल व्हायचा आणि त्यात सेकंद पळायला लागायचे. सगळ्या गटाचे गुण कापले जायचे. मग गटाची प्रमुख, तिला लीडरबाई म्हणतात, हळूच खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "सगळं ठीक ना, डिअर? टीमचा विचार कर हं." आणि याच कचेरीनं प्रत्येकीला रेघा आखलेली एक बाटली भेट दिली होती. तिच्यावर छापलं होतं, 'भरपूर पाणी, तणावमुक्त वाणी.' सूनबाईंनी त्यात पेनं ठेवली होती.

एका संध्याकाळी ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, तुम्ही कसं हो निभावलंत?"

मामीला आभाळ ठेंगणं झालं. सुनेनं आजवर तिला काही विचारलंच नव्हतं, स्वयंपाकसुद्धा ती मोबाईलला विचारून करायची. मामीनं सगळी विद्या ओतली. चहा अर्धाच. जीभ टाळूला लावून बसायचं. पायात पाय अडकवायचे. "आणि लक्ष बाटलीत ठेवायचं. तुझं फोनमध्ये. सवय होते गं, शरीर काय, गाढव आहे. शिकवू तसं शिकतं."

सून शिकली. लीडरबाईनं तिचं कौतुकही केलं. सासू-सुनेचं असं मेतकूट जमलं, की मामा म्हणायचे, "आता आमचं या घरात काही खरं नाही."

मग सुनेची कंबर दुखायला लागली. खुर्चीला दोष दिला. थंडी वाजून ताप यायला लागला, तो हवेच्या नावावर गेला. लघवीतून रक्त जात होतं, ते तर तिनं कुणाला सांगितलंच नाही. कामाचा हंगाम होता, रजा मागायची सोय नव्हती. शेवटी त्या लिंबाच्या वासाच्या संडासाच्या वाटेवरच ती कोसळली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई तपासत होत्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. "पाणी का पीत नव्हता तुम्ही?"

"आईंनी शिकवलं होतं," सून म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते ऐकवेना.

डॉक्टरीणबाई मामीकडे वळल्या. "तुम्हाला नाही झाला कधी त्रास?"

"सगळ्यांनाच व्हायचा. जळजळ, ताप. आम्ही त्याला पट्ट्याचा ताप म्हणायचो."

"कधी बोलली नाहीस," मामा म्हणाले.

"काय बोलायचं होतं? आणि कुणाला? तुम्हाला?"

मला शिसारी आली. रोगाला घरगुती नाव देण्याइतक्या बायका आजारी पडत होत्या, आणि आम्ही म्हणत होतो, तेव्हा ताण नव्हता. होता की. तो पोटाखाली दाबून ठेवलेला होता. आता त्याला अत्तर लावलंय, एवढाच फरक. कोंबड्याला निदान पाठीमागे शिव्या तरी घालता यायच्या. लाल चौकोनाला काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी लीडरबाई आली. सुगंधी मेणबत्ती, आणि 'स्वतःची काळजी घे' असं लिहिलेलं कार्ड. गटातल्या सगळ्यांच्या सह्या. खुर्ची ओढून मामीला म्हणाली, "तुमची पिढी किती खंबीर हो. आजकालच्या मुलींना जरासुद्धा सहन होत नाही."

मामांना वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. "आमच्या हिच्या कारखान्यात एक कोंबडा होता बरं का..."

"गप्प बसा," मामी म्हणाली. मामा बसले. "ती ढाकणवाली दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिच्या स्टुलावर मी बसले. ढाकणाचं काम हलकं होतं, मीच मागून घेतलं. इतकी मी खंबीर."

लीडरबाईला यातलं काहीच कळलं नसावं. ती "ओह" म्हणाली, फोन बघितला आणि सुनेला विचारलं, "सोमवारपासून येतेस ना?"

सुनेनं मामीकडे पाहिलं. परवापर्यंत मामीनं सांगितलं असतं, जाशील गं, होते सवय. मामी म्हणाली, "तिला लागेल तेव्हा उठू देणार का?"

"मी एकटी काय करणार, काकू? सिस्टीमच तशी आहे."

"मग मी नाही येत," सून म्हणाली. आवाज बारीक होता, पण हसरा नव्हता. लीडरबाई ओठांवर हसू ठेवूनच उठली. मेणबत्ती तिथंच राहिली. तिचा तो गोडसर वास मला सहन होईना, मी ती खिडकीबाहेर ठेवली.

मामीनं सुनेला पाण्याचा पेला भरून दिला. तिनं तो संपवला, वर आणखी एक घेतला. थोड्या वेळानं तिला जायचं झालं. सलाईनची बाटली हातात उंच धरून मामी तिच्याबरोबर गेली, मागोमाग मी. दवाखान्यातला संडास म्हणजे नरक. फरशीवर पाणी साचलेलं, कोपऱ्यात कापसाचे बोळे, आणि दाराला कडीच नाही. बाहेर रांग लागलेली. एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातानं दार ओढून धरून मामी उभी राहिली. मागची बाई दार ठोठावायला पुढे सरसावली, तेव्हा मामी म्हणाली, "जरा थांबा बाई. तिला सावकाश होऊ द्या."