गरीब गाईचा वळू

आन्सेल्मो पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा प्रभाला वाटलं, ह्याला कधीतरी गाडीनं उडवलेलं दिसतंय. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत शिवलेली जुनी जखम, आणि तिच्या टोकाला ताजं गळू. तिनं बोट दाखवून विचारलं, तर त्यानं दोन बोटं कपाळाला लावून शिंगं केली.

प्रभा कुवेतमध्ये, सुलैबियातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. ड्रेसिंगला तो रोज यायचा, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकेक तुकडा सांगायचा. दक्षिण स्पेनमध्ये त्याच्या वडिलांचा लढाऊ बैलांचा कळप होता. चालायला शिकला त्याच सुमारास तो घोड्यावर बसला, आणि मिसरूड फुटल्यावर घोड्यावरून बैलाशी झुंजायला रिंगणात उतरला. बैल घोड्याच्या पोटाला घासून जाईल इतका जवळ आणायचा आणि घोड्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, यात त्याचं नाव होतं. मग एका दुपारी शिंग त्याची मांडी फाडून खालच्या घोडीच्या पोटात गेलं, आणि घोडी मेली. त्यानंतर तो रिंगणात उतरला नाही. घरचा कळप सांभाळून बैल पैदा करत बसला. पुढे कळपात रोग शिरला आणि तेही संपलं. अबू फहद नावाचे कुवेती शेठ तिकडे घोडे घ्यायला गेले होते. त्यांनी घोड्यांबरोबर ह्यालाही आणलं, बायकोसकट. ही अठ्ठ्याहत्तरची गोष्ट.

"बैल मारणाऱ्याचं ड्रेसिंग करतेस?" मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीतून दमून आलेला तिचा नवरा लक्ष्मीकांत जेवता जेवता म्हणाला. "गावी आईला कळवू नकोस हो."

"आता नाही मारत. घोड्यांना चालायला शिकवतो."

"म्हणजे रिटायर्ड खाटीक."

प्रभानं त्याच्या ताटात जरा जोरातच भात वाढला.

गळू बरं झालं, पण ओळख टिकली. आन्सेल्मोची बायको पिलार बटाट्याचं जाड ऑम्लेट पाठवायची, प्रभा तो डबा घावने घालून परत करायची. अशी चारेक वर्षं गेली. एक दिवस पिलार स्वतःच दवाखान्यात आली. डोळे सुजलेले.

अबू फहदनी शहरातल्या, शर्क भागातल्या मित्रांना शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर आन्सेल्मो घोड्यावरून बैलाचा खेळ करून दाखवील, असंही सांगून बसले होते. मारायचं नाही, रक्त नाही, नुसतं खेळवायचं. बैल शेजारच्या डेअरीतून आणायचा, कुठला ते आन्सेल्मोनंच ठरवावं.

"नाही म्हणून सांग त्याला," पिलार म्हणाली. "तुझं ऐकेल."

तिच्या पाठोपाठ आन्सेल्मो आत आला. "नाही म्हटलं तर मालक रागावणार नाहीत, सिस्टर. मला तिथं कनातीत बसवून चहा देतील, आणि कानेलावर दुसऱ्या कुणाला तरी चढवतील. त्याला बैल कळत नाही. पोट फाटेल ते तिचं."

कानेला ही त्याची दालचिनी रंगाची घोडी. एक घोडी गेली होती. दुसरी जाऊ द्यायची नव्हती.

"मग करणार काय?"

"डेअरीवर चला. तिथला माणूस तुमची भाषा बोलतो."

डेअरीवर गुरांकडे पुंडलिक होता. कुडाळकडचा, एकटाच राहणारा. आन्सेल्मो बोलला आणि प्रभानं मराठीत सांगितलं: ह्यांच्याकडे बैलाची परीक्षा आधी घेत नाहीत, कारण एकदा खेळलेला बैल शहाणा होतो. परीक्षा आईची घेतात. घोड्यावरून तिला टोचायचं आणि किती वेळा चालून येते ते बघायचं. रग आईकडून उतरते, असं मानतात.

"जन्मभर मी सगळ्यात खवळणारी गाय शोधली," आन्सेल्मो म्हणाला. "आज उलटं."

पुंडलिक हसला. "गरीब गाय? मगे ही चंद्री बगा, बाय. कुत्रो अंगार इलो तरी कान हलवची नाय. हिचोच तो वळू, थंय बांधलेलो. मियाच बाटलेन दूध पाजून वाढवलंय तेका."

आन्सेल्मोनं काठीनं चंद्रीच्या खांद्याला टोचलं. परत टोचलं, जरा जोरात. चंद्रीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला.

"हाच," तो म्हणाला.

प्रभाला मात्र खात्री वाटेना. गाय गरीब होती, ते खरं. वळू केवढा मोठा होता, तेही खरंच होतं. पुंडलिक आपल्या गुरांचं कौतुक करतोय की खरं सांगतोय, हे कसं समजणार? सगळं तिच्याच तोंडून गेलं होतं. उद्या काही झालं तर पिलारला काय तोंड दाखवायचं?

शुक्रवारी दुपारी कुंपणाबाहेर पाहुणे गालिच्यांवर टेकले. आन्सेल्मो काळी हॅट घालून कानेलावर बसला होता. पिलार प्रभाचा दंड धरून उभी होती. नखं रुतत होती.

दार उघडलं. वळू आत आला, उन्हात थांबला. त्यानं डोकं खाली घातलं.

"देवा," प्रभा मराठीत म्हणाली. पिलारला ते कळलं.

वळू धावत सुटला. कानेला सरळ उभी. आन्सेल्मोचे पाय तिच्या अंगाला चिकटलेले. शेवटच्या घटकेला ती पाऊलभर बाजूला सरली, आणि वळू तिच्या जवळून पुढे गेला, थेट कुंपणाशी, जिथं पुंडलिक उभा होता. तिथं त्यानं त्याच्या कोपरावर तोंड घासलं.

"अरे, जा रे मेल्या, मागे जा!" पुंडलिक लाजून ढकलायला लागला.

वळू परत फिरला, आता चालत. त्यानं कानेलाचं शेपूट हुंगलं आणि तिच्या मागोमाग रिंगणभर हिंडायला लागला. आन्सेल्मोनं तिला आडवी चालवली, मागे चालवली, गोल फिरवली. वळू वासरासारखा मागे. पाहुण्यांमध्ये आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी फसकन हसलं.

अबू फहद गालिच्यावर आडवे होऊन हसत होते. "बैल कुवेतचाच आहे! जेवणानंतर कशाला पळेल तो?"

सगळे टाळ्या पिटायला लागले. आन्सेल्मोनं हॅट काढून कमरेतून वाकून नमस्कार केला आणि कानेलाला बाहेर काढलं. खाली उतरताना त्याचा पाय रिकिबीत अडकला. पिलारनं धावत जाऊन सोडवला, मग त्याच्या पाठीत दोन दणके घातले आणि तिथंच त्याच्या शर्टाला तोंड लावून उभी राहिली.

नंतर पिलार जेवायला बसली तेव्हा प्रभाला कळलं, सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिनं भाताची परात जवळ ओढली. "वाढ," ती म्हणाली. "अजून वाढ."

परतताना गाडीत आन्सेल्मो मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि त्याची हॅट पिलारच्या मांडीवर होती.